जपानीला इंग्रजीचा वळसा कशाला?

जपानी भाषेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. 'सर्वांत चांगली पद्धत कुठली?' एवढंच विचारणारी बाजूला ठेवली आहेत. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आपण नेमकं काय करतो आणि कुठे अडतं हे ज्यांनी लिहिलंय, त्यांची पत्रं घेतली आहेत. जपानी शब्द देवनागरीतच देते आहे, तेवढ्यापुरतं चालवून घ्या.

प्रश्न : वर्षाहून जास्त काळ मी मोबाइलमधल्या ॲपवर रोज न चुकता जपानी करतोय. शब्द ओळखू येतात, पण परवा एका जपानी पाहुण्यासमोर तोंडातून वाक्यच फुटेना. ॲप बदलू का?

बदलून काही होणार नाही. ॲप रोज तुमच्याकडून काय करून घेतं ते बघा. चार पर्यायांतला एक निवडायचा, विस्कटलेले शब्द ओळीत लावायचे. ती दोन्ही कामं तुम्हाला आता झकास येत असणार. समोर काहीही नसताना वाक्य उभं करणं हे तिसरंच काम आहे आणि ते तुम्ही केलेलंच नाही. वर्गात शिकणाऱ्यांची रड नेमकी उलटी असते. वाक्यं मुखोद्गत, पण समोरचा जपानी माणूस नेहमीच्या वेगात बोलला की एक शब्द हाती लागत नाही, कारण वर्गात बाई सावकाश बोलतात. (मीही बोलते. नाहीतर पुढच्या तासाला कोण येणार?)

ॲप राहू दे, फक्त पर्याय हातानं झाका आणि उत्तर आधी मोठ्यानं म्हणा. मग एकच वाक्य घ्या: 'तोशोकान नि इकिमास्', ग्रंथालयात जातो. आता तेच वाक्य फिरवा. गेलो: 'इकिमाशिता'. जात नाही: 'इकिमासेन'. गेलो नाही: 'इकिमासेन देश्ता'. जायचंय: 'इकिताइ देस्'. चला जाऊ: 'इकिमाशोऊ'. कागद न बघता, अडखळत का होईना, पण तोंडानं. मनातल्या मनात सगळ्यांनाच जपानी येतं.

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. जपानीची पुस्तकं, व्हिडिओ सगळे इंग्रजीतून समजावतात. आधी इंग्रजी सुधारू आणि मग जपानी घेऊ, असं ठरवलंय. बरोबर आहे ना?

अजिबात नाही. या एका पत्रासाठी मी सदराची निम्मी जागा खर्च करायला तयार आहे.

हे वाक्य बघा: 'वाताशि वा आशिता तोमोदाचि तो तोशोकान नि इकिमास्.' मी, उद्या, मैत्रिणीबरोबर, ग्रंथालयात, जाते. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही हलवावा लागत नाही. क्रियापद शेवटी, आणि 'बरोबर', 'त', 'ला', 'हून', 'पर्यंत' हे सगळं नामाच्या मागे चिकटणारं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य आधी उलटं करावं लागतं, मग आतून बाहेर काढावं लागतं. तुम्ही मराठीतून सरळ जाऊ शकता, तर मधे इंग्रजीला वळसा घालायचाच कशाला? प्रश्न विचारायचा झाला तर शेवटी 'का' लावतात: 'इकिमास् का?' जाता का? दोन्ही भाषांतला हा 'का' सारखा असणं निव्वळ योगायोग आहे, पण फुकटचा फायदा सोडू नये.

खरी गंमत जोडक्रियापदांची. जपानी व्याकरणात 'ते-रूप' नावाचं प्रकरण आहे. इंग्रजीतून शिकणारे तिथे आठवडेच्या आठवडे रखडतात. आपल्याकडे त्याला 'ऊन' म्हणतात. 'यात्ते मिरु': 'मिरु' म्हणजे बघणं, सगळं मिळून करून बघणं. 'शिते ओकु': 'ओकु' म्हणजे ठेवणं, सगळं मिळून करून ठेवणं. 'वासुरेते शिमात्ता' हे तर आपलं 'विसरून बसले'. काम पुरतं झालं हेही त्यात आहे आणि हळहळही. पुस्तकं 'शिमाउ'वर पानभर लिहितात. मराठी माणसाला 'करून टाकलं' आणि 'करून बसलो' ही दोन उदाहरणं दिली की डोक्यात प्रकाश पडतो.

तसंच 'काल विकत घेतलेलं पुस्तक'. जपानीत 'किनोऊ कात्ता होन': काल, घेतलेलं, पुस्तक. फक्त 'जे पुस्तक मी काल घेतलं ते' ही मराठीतली दुसरी तऱ्हा विसरा, जपानीत ती नाही. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या तिथेही आहेत: 'ओचिरु' पडणे, 'ओतोसु' पाडणे. 'पाऊस आवडतो' म्हणताना आवडणारा 'मी' आणि वाक्याचा कर्ता 'पाऊस', हेही जपानीत तसंच: 'आमे गा सुकि देस्'. इंग्रजीच्या वळणानं जाणारे इथे 'गा'च्या जागी हटकून कर्माचा 'ओ' घालतात.

आता मराठी कुठे पाय ओढते तेही सांगते. 'मैत्रिणीला भेटते' यातल्या 'ला'साठी 'नि' चालतो: 'तोमोदाचि नि आइमास्'. त्यामुळे हुरूप येऊन माझे विद्यार्थी 'मैत्रिणीला पाहिलं' इथेही 'नि' लावतात. तिथे 'ओ' हवा, कारण ते साधं कर्म आहे. सजीव कर्माला 'ला' लावणं ही आपली सवय, त्यांची नाही. दुसरी जागा 'देणे'. तू मला करून दिलंस आणि मी तुला करून दिलं, आपण दोन्हीकडे 'देणे' वापरतो. जपानीत माझ्याकडे येणारं देणं 'कुरेरु', माझ्याकडून जाणारं 'आगेरु'. उलटसुलट झालं तर उपकार कुणी कुणावर केले तेच फिरतं. आणि 'मी'सारख्या शब्दामागे 'वा' लावायचा की 'गा' हा प्रश्न कुठल्याच मातृभाषेतून सुटत नाही. 'कोण', 'काय' हे कर्ता असताना त्यांना 'गा'च लागतो आणि उत्तरालाही 'गा'च, एवढं पहिल्या वर्षी पुरे.

'मिन्ना नो निहोंगो' या बहुतेक वर्गांत चालणाऱ्या पाठ्यपुस्तकाचं मुख्य पुस्तक संपूर्ण जपानीत आहे. भाषांतर आणि व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात असतात. मुख्य पुस्तक समोर ठेवा, वहीत प्रत्येक वाक्याखाली शब्दाला शब्द लावून मराठी लिहा. मराठी ओबडधोबड झाली तरी हरकत नाही. टिपांपुरतं इंग्रजी शब्दकोश घेऊन निभावतं.

प्रश्न : जपानी शब्द रोमन लिपीत लिहून पाठ करावेत की देवनागरीत?

रोमनपेक्षा देवनागरी पुष्कळ बरी. 'त्सु' म्हणताना इंग्रजी शाळेतली मुलं अडखळतात. आपण 'चूल' म्हणतो तेव्हा तोच च काढतो. 'चि' मात्र 'चिमणी'तला. शब्दाच्या सुरुवातीचा 'झा' बराचसा 'जाळं'मधल्या ज सारखा. आणि त्यांचा तो एकटा 'न्' आपल्या अनुस्वारासारखा वागतो: पुढे ब आला की म् होतो (शिंबुन, वर्तमानपत्र), क आला की ङ् होतो (गेंकि, ठणठणीत). 'फु'ला मात्र आपला फ नको, ओठ न मिटता हलकी फुंकर हवी.

तरीही देवनागरी दोन-तीन आठवडेच. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्याच्या वयाची बाई आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. आपल्या काना-मात्रेत हा फरक धड दाखवताच येत नाही. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. मराठीत ह्रस्व-दीर्घाकडे आपण खुशाल काणाडोळा करतो. तिथे आजीची मावशी होते.

मग जपानीच्या दोन उच्चारलिप्या घ्या: हिरागानाची मूळ चिन्हं ४६, काताकानाची तेवढीच. तक्त्याचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा अभ्यास जपानात नेला, त्यातून संस्कृत वर्णमालेचा हा क्रम तिथे रुजला. 'हा'ची ओळ प-वर्गाच्या जागी बसली आहे, कारण तो उच्चार फार पूर्वी 'प' होता. शब्दकोश याच क्रमानं लावलेला असतो, म्हणजे तेही काम निम्मं झालेलं आहे.

प्रश्न : मी आधी दोन हजार कांजींचे (जपानीतल्या, चीनहून आलेल्या अर्थचिन्हांचे) फक्त अर्थ आणि आकार पाठ करतोय, उच्चार नंतर करणार. मित्र म्हणतो वेळ वाया घालवतोयस. कोण बरोबर?

तुमच्याकडे वेळ किती, यावर आहे. ही पद्धत पुष्कळांना मानवते. प्रत्येक चिन्हाला एक अर्थशब्द द्यायचा, त्याच्या तुकड्यांची गोष्ट रचायची, उच्चाराला हात लावायचा नाही. काही महिने याच कामाला देता येत असतील आणि ध्येय वाचनाचं असेल तर शेवटाला पोचल्यावर चिन्हांची भीती राहत नाही. अडचण अशी की बहुतेक जण मधेच सोडतात, आणि मधे सोडलं तर हाती काय उरतं? पाचशे चित्रांचे अर्थ, आणि त्यातला एकही शब्द मोठ्यानं वाचता येत नाही. मला विचाराल तर मित्राच्या बाजूनं माझं मत.

जपानी सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत. त्यातल्या १०२६ तिथली मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. ती मुलं बोलता येणाऱ्या शब्दांना चिन्हं चिकटवत असतात. तुमच्याकडे शब्दच नसतील तर चिन्ह चिकटवणार कशाला? 'जीवन' या चिन्हाचंच बघा. 'सेन्सेइ'मध्ये ते 'सेइ' वाचतात, 'तांजोऊबि' म्हणजे वाढदिवसात 'जोऊ', 'उमारेरु' म्हणजे जन्मणं यात 'उ', कच्चं या अर्थी एकटं आलं की 'नामा'. याचे उच्चार यादी करून पाठ होत नाहीत. चार शब्द आले की आपोआप येतात.

मात्र चिन्हाची फोड करून बघण्याची सवय सोडू नका, फक्त ती उच्चारासाठीही वापरा. निळ्या रंगाचं एक चिन्ह आहे, त्याचा चिनी वळणाचा उच्चार 'सेइ'. त्याच्या डावीकडे सूर्य जोडा: निरभ्र आकाश, 'सेइतेन'मधला 'सेइ'. पाणी जोडा: स्वच्छ, 'सेइकेत्सु'मधला 'सेइ'. बोलणं जोडा: मागणी करणं, 'सेइक्यूऊ'मधला 'सेइ'. उजवा भाग उच्चार सांगतो, डावा भाग अर्थाची दिशा. कांजींचा फार मोठा हिस्सा असाच घडलेला आहे. अर्थाच्याच गोष्टी रचत बसलात तर ही निम्मी किल्ली खिशातच राहते.

हातानं लिहावं का, हेही तुम्ही पुढे विचारलं आहे. टाइप करताना उच्चार दिला की यंत्र चिन्हं पुढे करतं, आपण निवडायचं. तरी पहिली दोन-तीनशे हातानं लिहा, रेघांच्या क्रमासकट. 'थांबणं' आणि 'हातात धरणं' या दोन चिन्हांचा उजवा भाग एकच आहे. डावीकडे एकात चालण्याची खूण, दुसऱ्यात हात. ज्यांनी कधी लिहिलेलंच नाही ते ही दोन वर्षानुवर्षं उलटसुलट वाचतात. पुढची हजार डोळ्यांनी ओळखली तरी पुरतं.

उजळणीसाठी आंकि किंवा तसलं कुठलंही कार्डांचं साधन वापरा, पण कार्डावर एकटा शब्द नको, छोटं वाक्य टाका. आणि रोजची नवी कार्डं मोजकी ठेवा. उत्साहाच्या भरात पन्नास घातलीत की दोन आठवड्यांनी उजळणीचा डोंगर अंगावर येतो आणि माणूस ते साधनच उघडायचं टाळतो.

प्रश्न : मी नववीत आहे. ॲनिमे (जपानी कार्टून) बघून खूप जपानी शिकले. ताई, आता क्लासची गरज आहे का?

कान तयार झाला असेल तुझा, ते मोठं काम आहे. क्लासमधल्या कित्येक मोठ्या माणसांना ते जमत नाही. पण तू शिकलीस ती भाषा कोण कुणाशी बोलत होतं ते बघ. 'ओरे', 'ओमाए', 'तेमे' ही तलवार उपसलेल्या माणसांची सर्वनामं. तीच शाळेतल्या जपानी शिक्षिकेसमोर वापरणं म्हणजे सिनेमातल्या खलनायकाच्या थाटात मुख्याध्यापकांशी बोलणं. पुस्तकात 'आनाता' असतं, तेही समोरच्याला सारखं लावू नकोस. नाव आणि पुढे 'सान' म्हणावं. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांतला फरक तुला जन्मापासून कळतो, त्यामुळे हे लवकर बसेल.

लढायांऐवजी शाळेतल्या, घरातल्या गोष्टी निवड. दोन-तीन मिनिटांचाच तुकडा घे. आधी नुसता ऐक, मग जपानी अक्षरं खाली लावून बघ, मग पात्राच्या मागोमाग, त्याच चालीत, त्याच्या तोंडात तोंड घालून बोल. या मागोमाग बोलण्याला 'शॅडोइंग' म्हणतात आणि स्वराच्या चढउतारासाठी याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. 'हाशि' वरून खाली आलं तर चॉपस्टिक्स, खालून वर गेलं तर पूल; हे तोक्योकडच्या बोलीतलं. इंग्रजी भाषांतर वाचत तासभर बघितलेला भाग मात्र अभ्यासात धरू नकोस, ती करमणूक. क्लासला जा. तिथे 'मास्'ची सभ्य रूपं मिळतील, साधी रूपं तुझ्याकडे आहेतच.

प्रश्न : जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-२ पातळी पास झालो. कंपनीत जपानी फोन आला की घाम फुटतो. परीक्षेत काही चुकलं का?

परीक्षेत काही चुकलेलं नाही. तिनं तुम्हाला बोलायला सांगितलंच नव्हतं. जेएलपीटी ही परीक्षा १९८४ पासून आहे, २०१० मध्ये चारच्या पाच पातळ्या झाल्या. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण, सगळं पर्याय निवडून. बोलणं नाही, लिहिणंही नाही. एन-२ला १८० पैकी ९० गुण आणि तिन्ही भागांत किमान १९ मिळाले की सुटलात. २०१० नंतर शब्दांच्या आणि कांजींच्या अधिकृत याद्याही काढत नाहीत, म्हणून 'एन-२च्या याद्या' म्हणून जे विकलं जातं ते अंदाजानं केलेलं असतं, एवढं पुढच्या पातळीसाठी लक्षात ठेवा.

फोनचं म्हणाल तर ती भाषा फार ठरावीक आहे. 'ओसेवा नि नात्ते ओरिमास्'नं सुरुवात, कोण हवंय, ते जागेवर नाहीत, निरोप देऊ का, 'शित्सुरेइ इताशिमास्'नं शेवट. नवी वाक्यं रचायचीच नसतात. अशी पंधरा-वीस वाक्यं लिहून सहकाऱ्याबरोबर दोन वेगळ्या खोल्यांत बसून फोनवरच सराव करा. समोरासमोर केलेला सराव फोनवर उपयोगी पडत नाही, कारण समोरच्याचे ओठ आणि मान दिसत नाही. नाव आणि आकडे नेहमी परत म्हणून दाखवा. जपानी माणसंही तेच करतात, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : किती महिन्यांत फाडफाड बोलता येईल?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांसाठी जपानीला २२०० तास धरते, तेही वर्गातले. तुमचा व्याकरणाचा वेळ वाचेल, कांजीचा नाही. रोज किती तास देणार ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे भागाकार तुम्हीच करा.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. बोलायचं नाही, परीक्षा द्यायची नाही, फक्त हायकू मूळ जपानीत वाचायचे आहेत. इथपासून तिथपर्यंत रस्ता काय?

सगळ्या पत्रांत नेमकं काय हवंय ते तुम्हीच स्वच्छ लिहिलंत, म्हणून तुमचा रस्ताही छोटा आहे. संवादाचे पाठ, ऑफिसातली भाषा, श्रवणाचे सराव सरळ गाळा. हिरागाना पक्कं करा, पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग व्याकरणासाठी वाचा. मग थांबा, कारण हायकूचा नामवंत कवी बाशो, त्याचा काळ १६४४ ते १६९४. त्याची भाषा आजच्या पुस्तकांत शिकवत नाहीत. 'या', 'काना', 'केरि' हे हायकूत वाक्य तोडणारे शब्द. 'केरि' तर आजच्या बोलण्यात सापडायचाच नाही. जुन्या व्याकरणासाठी वेगळी पुस्तकं असतात, शाळकरी जपानी मुलंही ती घोकतात. कांजी यादीनं करू नका, समोरच्या हायकूत जी येईल ती तेवढीच शोधा. ऋतूंचे, पक्ष्यांचे, झाडांचे शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे साठा लवकर जमतो.

आणि ५-७-५ मोजताना आपली अक्षरं मोजू नका. एकटा 'न्' धरायचा, दीर्घ स्वराचा दुसरा अर्धाही धरायचा, जोडाक्षरात अडकलेला थांबाही. 'शिंबुन' चार: शि, न्, बु, न्. 'तोऊक्योऊ'ही चार. 'कित्ते' तीन. आधी दहा-बारा हायकू बोटांवर मोजून बघा. कुठे पाच किंवा सात भरत नसतील तर वाचताना एखादा स्वर आखूड केलेला असण्याचीच शक्यता जास्त. क्वचित कवीनंच एखादी मात्रा जादा टाकलेली असते, बाशोही टाकतो.